पाणबुडीला किती लांबचं ऐकू येतं? सोनारबद्दल सतत येणारे प्रश्न

माझगाव डॉकमधून नवी पाणबुडी नौदलात आली किंवा जगात कुठे एखादी पाणबुडी हरवल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवसापासून तेच तेच प्रश्न यायला लागतात, आणि बहुतेकांना एकच आकडा हवा असतो, किती किलोमीटर? म्हणून सगळे प्रश्न एकत्र करून टाकलेत. सोप्यापासून सुरुवात आहे, पुढेपुढे अवघड होत जातात. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघून घ्या.

१. सोनार म्हणजे काय आणि पाण्याखाली रडार का चालत नाही?

रडार चालतं रेडिओलहरींवर आणि खारं पाणी त्या लहरी काही सेंटिमीटरमध्येच गिळून टाकतं. प्रकाशाचंही तेच, अगदी स्वच्छ समुद्रात सुद्धा दोनेकशे मीटर खाली गेलात की जवळजवळ अंधार. आवाज मात्र पाण्यात मस्त पळतो, सेकंदाला साधारण १५०० मीटर, म्हणजे हवेच्या चौपटीपेक्षा जास्त वेगाने. म्हणून पाण्याखाली डोळे नाहीत, फक्त कान आहेत, आणि त्या कानांच्या सगळ्या यंत्रणेला सोनार म्हणायचं. पाणबुडीवर रडार असतं, पण ते वर आल्यावर वापरायचं.

सुरुवात कुठून झाली तर १९१२ ला टायटॅनिक बुडालं, त्यानंतर पाण्यातून आवाज सोडून हिमनग शोधता येतो का याची खटपट सुरू झाली आणि १९१४ मध्ये रेजिनाल्ड फेसेंडेनने दोन मैलांवरचा हिमनग प्रतिध्वनीवरून पकडून दाखवला. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी जहाजं बुडवायचा सपाटा लावला तेव्हा फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँने क्वार्ट्झ स्फटिक वापरून आजच्या सोनारचा पाया घातला.

२. पिक्चरमध्ये दाखवतात तशा पाणबुड्या सारख्या "पिंऽग पिंऽग" करत असतात का?

नाही, आणि हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. पिंग करणं म्हणजे अॅक्टिव्ह सोनार. आपण आवाज सोडायचा, तो समोरच्यावर आपटून परत येतो, किती वेळाने आला त्यावरून अंतर कळतं. अडचण अशी की समोरच्याला आपला पिंग, आपल्याला त्याचा प्रतिध्वनी ऐकू येतो त्याच्या कितीतरी आधी आणि कितीतरी लांबून ऐकू जातो, कारण प्रतिध्वनीला जाऊन परत यायचं असतं आणि त्याच्यापर्यंत आवाज एकाच फेरीत पोचतो. अंधाऱ्या शेतात बॅटरी लावली की आपल्याला दहा पावलांवरचं दिसतं, पण बॅटरी मात्र सगळ्या शिवाराला दिसते, तसंच. आणि पाणबुडीची सगळी ताकद लपण्यात असल्यामुळे ती नुसती ऐकत बसते, ते पॅसिव्ह सोनार. पिंग करायचं काम जास्त करून वरची जहाजं आणि पाण्यात सोनार बुडवणारी हेलिकॉप्टर्स करतात.

३. फिरवून फिरवून नको, सरळ सांगा किती किलोमीटर?

एक आकडा नाहीच, आणि जो कोणी एक आकडा देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मग तो ब्रोशरमधला का असेना. किती लांबचं ऐकू येणार हे तीन गोष्टी मिळून ठरवतात: समोरचा किती आवाज करतोय, मधला समुद्र त्या दिवशी कसा आहे, आणि ऐकणारा स्वतः किती गप्प आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश जहाजांच्या अॅक्टिव्ह सोनारला चांगल्या दिवशी दीड-दोन किलोमीटर मिळायचे. आज खोल समुद्रात एखादं खडखडाट करत जाणारं जुनं मालवाहू जहाज पाणबुडीला शंभर-शंभर किलोमीटरवरून ऐकू येऊ शकतं, आणि तीच पाणबुडी तेच कान घेऊन एखाद्या आधुनिक, हळू चालणाऱ्या पाणबुडीच्या दोन-चार किलोमीटरवरून जाईल आणि तिला पत्ता लागणार नाही.

हे गणित एकदा समजून घ्या, मग बाकीचं सोपं जातं. आवाज सगळ्या दिशांना सारखा पसरत असेल तर अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने पडतो, दहापट झालं की २० डेसिबलने. आता हेच उलटं वाचा. समजा एखादी पाणबुडी १०० किलोमीटरवरून ऐकू येतेय आणि तिच्या इंजिनिअरांनी मेहनत करून तिचा आवाज २० डेसिबलने कमी केला, तर ती आता १० किलोमीटरवरच सापडणार. आणि आवाज जर वरखाली न जाता एका थरात अडकून नुसता आडवाच पसरत असेल, तर त्याच २० डेसिबलने अंतर शंभर पटीने घटतं, म्हणजे १०० चं सरळ १ किलोमीटर. गेल्या पन्नास-साठ वर्षांत पाणबुड्यांवर जो पैसा ओतला गेला त्याचा एक मोठा हिस्सा या डेसिबलांसाठी गेलाय, तो का ते यावरून कळेल.

४. पण आवाज पाण्यातून हजारो किलोमीटर जातो असं वाचलंय, ते खोटं आहे का?

अजिबात खोटं नाही. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळ समुद्रात साधारण १३६ किलोचे सुरुंग फोडले आणि त्यांचा आवाज पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला, बर्म्युडाजवळ, सुमारे २०,००० किलोमीटरवर ऐकू आला, पोचायला पावणेचार तास लागले. १९९१ च्या जानेवारीत समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांच्या पुढाकाराने दक्षिण हिंदी महासागरातल्या हर्ड बेटाजवळ ५७ हर्ट्झचा आवाज पाण्यात सोडला, तो भारतासकट अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या महासागरांत बसून ऐकायचा प्रयत्न केला, आणि अटलांटिक-पॅसिफिक दोन्हीकडे ऐकू आला.

हे होतं कसं तर समुद्रात एक नैसर्गिक बोगदा आहे. वरून खाली जाताना पाणी गार होतं, त्यामुळे आवाजाचा वेग कमी होत जातो, आणि खूप खोल गेल्यावर दाबामुळे तो परत वाढायला लागतो, म्हणजे मध्ये कुठेतरी सगळ्यात कमी वेगाचा पट्टा येतो. आवाज नेहमी कमी वेगाच्या बाजूला वळतो, म्हणून त्या पट्ट्यात शिरलेला आवाज वर जायला लागला की खाली वळतो, खाली जायला लागला की वर वळतो, ना पृष्ठभागाला घासतो ना तळाला. अमेरिकेत मॉरिस यूइंगने १९४० च्या दशकात हे शोधलं, रशियात लिओनिद ब्रेखोव्स्कीख यांनी स्वतंत्रपणे. मध्यम अक्षांशांत हा पट्टा साधारण १ किलोमीटर खोल असतो, ध्रुवाकडे तो वर पृष्ठभागापर्यंत येतो, आणि आपल्या अरबी समुद्रात बराच खाली, दीड-पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, कारण इराणच्या आखातातून आणि तांबड्या समुद्रातून येणारं गरम खारट पाणी मधल्या थरांत पसरलेलं असतं. पाणबुडी एवढ्या खोल जाऊच शकत नाही, ती काही शे मीटरपर्यंतच जाते. म्हणजे हा हायवे पाणबुडीच्या पायाखालून जातो, आणि तिला तो फार थोड्या ठिकाणी धड वापरता येतो.

५. लांबचं ऐकायला कमी फ्रीक्वेन्सीच का लागते?

गणपतीची मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा ढोलाचा धम्म-धम्म आधी ऐकू येतो, ताशाची तडतड जवळ आल्यावरच कळते. समुद्रात हा फरक प्रचंड होतो कारण पाणी, विशेषतः त्यातले क्षार, वरच्या फ्रीक्वेन्सी शोषून घेतात. १ किलोहर्ट्झच्या आवाजाचं शोषण किलोमीटरमागे ०.०६ डेसिबलच्या आसपास, १० किलोहर्ट्झला साधारण १ डेसिबल, १०० किलोहर्ट्झला ३० च्या वर. म्हणजे सुरुंग शोधायला लागणारं बारीक चित्र दाखवणारं सोनार काही शे मीटरच बघू शकतं आणि पन्नास-शंभर हर्ट्झची घरघर समुद्र ओलांडून जाते.

मग सगळे कमीच फ्रीक्वेन्सी का वापरत नाहीत, तर त्याला कान मोठा लागतो. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी पाण्यात ३० मीटर होते, आणि आवाज कुठल्या दिशेने आला हे नीट कळायला त्या लांबीच्या कितीतरी पट मोठा अँटेना पाहिजे. अमेरिकन पाणबुड्यांच्या नाकात जो प्रसिद्ध सोनारचा गोळा असायचा तो साडेचार मीटरचा, त्याला ५० हर्ट्झची दिशा कशी कळणार? यावरचा उपाय पुढच्या प्रश्नात.

६. टोड अरे, म्हणजे ती मागे ओढायची शेपटी, ती काय भानगड आहे?

पाणबुडीच्या मागे शेकडो मीटर लांब केबल सोडायची आणि तिच्या टोकाच्या नळीत ओळीने हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, बसवायचे. दोन फायदे एकदम मिळतात. एक म्हणजे लांबी मिळाली, त्यामुळे कमी फ्रीक्वेन्सी ऐकता येते. दुसरा म्हणजे कान स्वतःच्या इंजिनापासून लांब गेले. पाणबुडीच्या नाकातल्या सोनारला मागचं काही ऐकू येत नाही कारण मध्ये स्वतःचीच मशिनरी आणि पंखा (प्रोपेलर) असतो, म्हणून पाणबुड्या अधूनमधून वळून मागे कोणी लागलंय का ते बघतात. शेपटी असली की मागचंही ऐकू येतं.

तोटेही आहेत. सरळ तारेला आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे कळत नाही, दोन्ही दिशा सारख्याच दिसतात, मग पाणबुडी थोडी वळवायची आणि कुठली दिशा जागेवर राहते, कुठली सरकते ते बघायचं. वेगाने गेलं की केबल थरथरते, उथळ पाण्यात तळाला लागायची भीती. आणि अडकण्याचे खरे प्रकार झालेत, १९८३ मध्ये सोव्हिएत पाणबुडी के-३२४ च्या पंख्यात एका अमेरिकन जहाजाची अशीच शेपटी गुंडाळली गेली आणि तिला अमेरिकेच्या पूर्वेला अटलांटिकमध्ये लाचार होऊन वर यावं लागलं.

७. "लेयरच्या खाली लपली" असं म्हणतात, तो लेयर म्हणजे काय?

समुद्राचा वरचा भाग वाऱ्याने घुसळला जाऊन सगळीकडे सारख्याच तापमानाचा होतो, आणि त्याच्या खाली एकदम पाणी गार व्हायला लागतं. ती जी सीमारेषा, तो लेयर. तापमान एका अंशाने बदललं की आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३-४ मीटरने बदलतो, म्हणून तिथे आवाज वाकतो. वरच्या जहाजाने सोडलेला आवाज लेयरखाली जाताना असा वाकतो की मध्ये एक सावलीचा भाग तयार होतो, आणि पाणबुडीचा कॅप्टन त्या सावलीत बसायला बघतो.

याचा शोध लागला त्याची गोष्ट मला फार आवडते. १९३० च्या दशकात क्युबाजवळ ग्वांतानामोला अमेरिकन नौदलाचे सराव चालायचे, आणि रोज सकाळी छान चालणारं सोनार दुपारी बिघडायचं. शंका ऑपरेटरवर यायची, जेवून सुस्तावतात म्हणून. शेवटी वुड्स होलचे समुद्रशास्त्रज्ञ बोलावले, त्यांनी पाण्याचं तापमान मोजलं तर निघालं असं की दुपारच्या उन्हाने वरचे काही मीटर पाणी एक-दोन अंशांनी तापतं आणि तेवढ्याने आवाज खाली वळून पाणबुडीच्या आधीच बुडी मारतो. बिचाऱ्या ऑपरेटरांची काही चूक नव्हती. तेव्हापासून पाणबुडी असो की फ्रिगेट, आधी तापमानाचा आलेख काढायचा आणि मग सोनारकडे बघायचं हा नियम झाला.

८. ६० किलोमीटरवरचं जहाज ऐकू येतं पण ३० किलोमीटरवरचं नाही, हे कसं शक्य आहे?

शक्य आहे, आणि याला कन्व्हर्जन्स झोन म्हणतात. चपटा दगड पाण्यावर मारला की तो टप्पे घेत जातो ना, टप्पा पडतो तिथेच पाण्याला लागतो, मधे लागत नाही, तसं समजा. पृष्ठभागाजवळचा आवाज खाली जातो, खोलात दाबामुळे वळून वर येतो आणि ५५-६० किलोमीटरवर परत पृष्ठभागाजवळ एकवटतो. तिथे काही किलोमीटर रुंदीचं कडं तयार होतं. त्या कड्यात असलेलं जहाज स्पष्ट ऐकू येतं, कड्याच्या आत सरकलं की गायब, आणि पुढे परत दुप्पट अंतरावर दुसरं कडं.

पण यासाठी समुद्र पुरेसा खोल हवा, इतका की तळाजवळचा आवाजाचा वेग पृष्ठभागाजवळच्या वेगापेक्षा जास्त झाला पाहिजे. वरचं पाणी जितकं गरम तितकी जास्त खोली लागते. अटलांटिकच्या गार पाण्यात हे सहज जमतं, उष्ण कटिबंधात चार-पाच किलोमीटर खोली सुद्धा कधीकधी पुरत नाही, त्यामुळे अमेरिकन लेखांमधले कड्यांचे आकडे आपल्या समुद्राला जसेच्या तसे लावू नका.

९. मग आपल्या किनाऱ्याजवळ, म्हणजे मुंबई-कोकण बाजूला, सोनार कसं चालतं?

कठीण चालतं. मुंबईसमोर समुद्राचा उथळ कट्टा साधारण ३०० किलोमीटर आत गेलाय, आणि बॉम्बे हायच्या तेलविहिरी जिथे आहेत तिथे पाणी जेमतेम ७५ मीटर. इतक्या कमी पाण्यात आवाज वर पृष्ठभागाला आणि खाली चिखलाला सारखा आपटत जातो, प्रत्येक आपटण्यात थोडा मरतो, आणि अॅक्टिव्ह पिंग केला तर तळाकडून, बुडालेल्या जहाजांकडून, खडकांकडून इतके प्रतिध्वनी येतात की पाणबुडी कुठली हे निवडणं हेच काम होऊन बसतं.

वर गोंगाट वेगळाच. बंदराकडे येणारी-जाणारी जहाजं, ट्रॉलर, तेलाचे प्लॅटफॉर्म, आणि जिवंत प्राणी सुद्धा. गरम उथळ पाण्यात एक छोटी कोळंबी असते जी नांगी फटकन मिटून बुडबुडा फोडते, हजारोंनी असल्या की तेलात मोहरी तडतडावी तसा अखंड आवाज येतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन पाणबुड्यांनी या आवाजाचा आडोसा म्हणून वापर केला होता. घोळ, ढोमी हे आपले ताटातले मासे सुद्धा पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ढोल वाजवतात.

त्यात पावसाळा. जोराच्या वाऱ्याने अरबी समुद्राच्या मधल्या भागात घुसळलेला थर खोल जातो, तर किनाऱ्याजवळ खालचं गार पाणी वर येतं. मार्च ते मे वारा पडलेला आणि ऊन कडक, तेव्हा थर पातळ. हिवाळ्यात उत्तरेकडचं पाणी वरून गार होऊन खाली बसतं आणि थर परत जाड. म्हणजे एकाच जागी एकच पाणबुडी मे महिन्यात आणि जानेवारीत वेगवेगळ्या अंतरावर सापडेल. जी पाणबुडी या समुद्रात वर्षानुवर्षं वावरलीय, ज्यांच्याकडे दर महिन्याच्या तापमानाच्या नोंदी आहेत, त्यांना बाहेरून आलेल्यांपेक्षा मोठा फायदा असतो, आणि म्हणून समुद्रशास्त्राच्या सर्व्हेला मी शस्त्राइतकंच महत्त्व देतो.

१०. नुसतं ऐकून दिशा कळेल, पण अंतर कसं कळणार?

लगेच कळत नाही, हीच पॅसिव्ह सोनारची मेख आहे. हातात येते ती फक्त दिशा, म्हणजे बेअरिंग. मग आपण आपला मार्ग बदलायचा आणि ती दिशा किती वेगाने सरकते ते बघायचं, दोन-तीन वेळा असं केलं की समोरचा कुठे आहे, किती वेगाने कुठे चाललाय याचं एकच उत्तर उरतं. धावत्या ट्रेनमधून जवळचा खांब झर्रकन मागे जातो आणि लांबचा डोंगर जागेवरच वाटतो, त्याच तत्त्वावर. १९५० च्या दशकात अमेरिकन पाणबुडीतल्या एकेलुंड नावाच्या अधिकाऱ्याने यासाठी जी पटकन करायची आकडेमोड काढली ती आजही त्याच्या नावाने ओळखतात. एका कॉन्टॅक्टचं, म्हणजे ऐकू आलेल्या जहाजाचं किंवा पाणबुडीचं, अंतर ठरवायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, आणि तेवढ्यात समोरच्याने दिशा बदलली की पाटी परत कोरी.

११. हे जहाज आहे, पाणबुडी आहे की देवमासा, कसं ओळखतात?

आवाजाचे तुकडे करून. प्रत्येक पंप, जनरेटर, गिअर आपापल्या ठरलेल्या सुरात गुणगुणत असतो, आणि आलेला आवाज फ्रीक्वेन्सीनुसार पसरवून स्क्रीनवर मांडला की ते सूर उभ्या रेघांसारखे दिसतात, वरून खाली वेळ सरकत जातो, धबधब्यासारखं चित्र. एक सोपं उदाहरण, सोव्हिएत जहाजांवर वीज ५० हर्ट्झची आणि अमेरिकन जहाजांवर ६० ची, त्यामुळे नुसत्या त्या रेघेवरून कुठल्या बाजूचा ते कळायचं. दुसरी पद्धत पंख्याच्या आवाजाची लय मोजायची, त्यातून पात्यांची संख्या आणि मिनिटाला किती फेरे हे निघतं, आणि फेऱ्यांवरून वेग. फिन व्हेल २० हर्ट्झला इतका नियमित आवाज काढतो की १९५० च्या दशकात नौदलांना तो एखाद्या यंत्राचा वाटला होता. हेडफोन लावून बसलेला अनुभवी माणूस आजही लागतो, कॉम्प्युटर हजार रेघा बघू शकतो पण "काहीतरी बदललं" हे आधी कान सांगतो.

१२. अणुपाणबुडी शांत की डिझेल?

बॅटरीवर हळू चालणारी डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी फार शांत असते, कारण अणुभट्टीत पाणी फिरवणारे पंप, वाफेची टर्बाईन हे पूर्ण बंद करता येत नाही आणि बॅटरीला तसं काही नसतं. २००५ ते २००७ स्वीडनची छोटीशी गॉटलँड अमेरिकन नौदलाने मुद्दाम सॅन डिएगोला आणून ठेवली होती, सरावात ती विमानवाहू रोनाल्ड रेगनपर्यंत पोचली आणि कोणाला कळलं नाही.

पण डिझेलवाल्यांना बॅटरी चार्ज करायला श्वासनळी वर काढून इंजिन चालवावं लागतं, तेव्हा त्या सगळ्या परिसराला ऐकू जातात. अणुपाणबुडीला ती कटकट नाही, आणि आकार मोठा म्हणून सोनारही मोठं बसतं. वेगाचं मात्र दोघांना सारखंच, वेग वाढला की पंख्याभोवती बुडबुडे फुटायला लागतात आणि अंगावरून पाणी वाहण्याचा आवाज स्वतःच्याच सोनारला बहिरं करतो. अंगावर रबरी टाइल्स लावतात त्याने समोरच्याचा पिंग शोषला जातो आणि आतला आवाजही दबतो, जर्मनीने दुसऱ्या महायुद्धातच ते सुरू केलं होतं.

१३. इतकं भारी सोनार असून पाणबुड्या एकमेकींवर किंवा डोंगरावर आपटतात कशा?

दोन्ही खरोखर झालंय. २००९ च्या फेब्रुवारीत ब्रिटनची व्हॅनगार्ड आणि फ्रान्सची ल त्रिओम्फां, दोन्ही अण्वस्त्रं घेऊन फिरणाऱ्या, अटलांटिकमध्ये एकमेकींना घासल्या. एवढ्या मोठ्या महासागरात दोघी हळू चाललेल्या, दोघी फक्त ऐकत होत्या, आणि दोघींचा आवाज आजूबाजूच्या समुद्राच्या आवाजाखाली दबलेला. फ्रेंचांना तर आधी वाटलं की पाण्यातला कंटेनर लागला असेल. प्रश्न ३ मधलं गणित शेवटपर्यंत नेलं की उत्तर शून्य किलोमीटर येतं ते असं.

डोंगराचं कारण त्याहून साधं आहे, डोंगर आवाज करत नाही. अमेरिकेची पाणबुडी सॅन फ्रान्सिस्को २००५ च्या जानेवारीत ग्वामच्या दक्षिणेला पूर्ण वेगात, वापरत असलेल्या नकाशात नसलेल्या समुद्री डोंगरावर आदळली, एक खलाशी गेला आणि ९८ जखमी झाले. २०२१ मध्ये त्यांच्याच कनेक्टिकट पाणबुडीचं दक्षिण चीन समुद्रात तसंच झालं. पिंग केला असता तर डोंगर दिसला असता, पण पिंग का करत नाहीत ते प्रश्न २ मध्ये आहे.

१४. अमेरिकेला टायटनचा स्फोट ऐकू आला, मग त्यांना सगळ्याच पाणबुड्या ऐकू येत असतील ना?

टायटन म्हणजे २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष बघायला प्रवासी घेऊन गेलेली आणि खोलात चेपून फुटलेली छोटी पाणबुडी. ती ऐकू येणं आणि चालती पाणबुडी ऐकू येणं हे दोन वेगळे प्रकार आहेत. अमेरिकेने १९५० च्या दशकात समुद्राच्या तळावर हायड्रोफोनच्या लांबच लांब रांगा टाकल्या, सोसस नावाने, आणि त्या केबलने किनाऱ्याला जोडल्या. प्रश्न ४ मधला बोगदा खरा वापरला तो यांनी, कारण तळावरचा कान स्वतः काहीच आवाज करत नाही आणि पाहिजे तेवढ्या खोलीवर ठेवता येतो. १९६२ मध्ये कॅरिबियनमधल्या बार्बाडोसच्या केंद्राने नॉर्वेच्या बाजूने येणारी सोव्हिएत अणुपाणबुडी पकडली होती. मग १९८५ ला अमेरिकन नौदलातल्या जॉन वॉकरची हेरगिरी उघड झाली, त्याने बरीच वर्षं रशियनांना गुपितं विकलेली, आणि सोव्हिएत पाणबुड्या किती लांबून ऐकू येतात हे त्यांना कळून चुकलेलं. जपान-नॉर्वेच्या कंपन्यांकडून पंखे अचूक कापायची यंत्रंही त्यांनी मिळवली. पाणबुड्या शांत होत गेल्या, तशी सोससची पकड सैल झाली.

टायटनसारखी गोष्ट खोलात दाबाने चेपून फुटते तेव्हा एका क्षणात प्रचंड ऊर्जा सुटते, ती लपत नाही. अर्जेंटिनाची सान हुआन १५ नोव्हेंबर २०१७ ला ४४ जणांसकट गेली, तो आवाज अणुचाचणीबंदीवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रांनी टिपला, असेन्शन बेटाजवळ ६,००० किलोमीटरवर आणि क्रोझे बेटांजवळ ८,००० किलोमीटरवर. वर्षभराने ९०० मीटर खोलात ती सापडली. मरणारी पाणबुडी अर्ध्या जगाला ऐकू येते, जिवंत असताना शेजारणीलाही नाही. त्या ४४ जणांच्या घरच्यांनी ते वर्ष कसं काढलं असेल याचा विचार आला की मला हे सगळे आकडे जड होतात.

१५. सोनार २३५ डेसिबलचं असतं म्हणे, म्हणजे रॉकेटपेक्षा मोठं?

पाण्यातले आणि हवेतले डेसिबल वेगळ्या मापाने मोजतात, थेट तुलना करायची नाही. ढोबळ हिशोबाने पाण्यातल्या आकड्यातून ६२ वजा केले की हवेतल्या बरोबरीचा आकडा मिळतो, म्हणजे २३५ चे साधारण १७३, आणि तेही उगमापासून १ मीटरवर. तरीही ते थोडं नाही. मार्च २००० मध्ये बहामाजवळ अमेरिकन जहाजांच्या सरावानंतर चोचवाले व्हेल एकापाठोपाठ किनाऱ्याला लागले, आणि नौदलाने स्वतः मान्य केलं की त्यांचं मधल्या फ्रीक्वेन्सीचं सोनार कारणीभूत होतं. जे प्राणी ऐकूनच जगतात त्यांच्या घरात आपण भोंगा वाजवतो, हे विसरून चालणार नाही.

१६. १९७१ ला आयएनएस खुकरी बुडाली त्यात सोनारचा काय संबंध?

सगळा संबंध तोच. ९ डिसेंबर १९७१ ला दीवच्या समोर पाकिस्तानची पाणबुडी हँगोर दबा धरून होती, फ्रेंच बनावटीची, तेव्हाच्या मानाने नवी. तिला शोधायला आपल्या खुकरी आणि किरपाण या युद्धनौका निघाल्या होत्या. त्यांच्या जुन्या सोनारच्या टप्प्यापेक्षा हँगोरला जहाजं लांबून ऐकू येत होती, आणि खुकरीवर सोनारचा पल्ला वाढवायच्या एका उपकरणाची चाचणी चालू असल्याने वेगही कमी ठेवला होता असं लिहिलं गेलंय. वेग कमी केला की स्वतःला चांगलं ऐकू येतं, पण टॉर्पेडोला चुकवायला वेगच लागतो, हा पेच तिथे जीवघेणा ठरला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. दीवला स्मारक आहे, गेलात तर नक्की जा.

त्यानंतर सोनार आपणच बनवायचं यावर जोर आला. कोचीच्या एनपीओएल प्रयोगशाळेने डिझाईन करायचं आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवायचं अशी जोडी जमली, जहाजांसाठी हम्सा आणि सिंधुघोष वर्गाच्या पाणबुड्यांसाठी उषस ही त्यातलीच. माझगाव डॉकच्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्यांवर, ज्यातल्या खांदेरीचं नाव थळसमोरच्या महाराजांच्या जलदुर्गावरून आहे, फ्रेंच सोनार आहे.

१७. मुंबईतून निघालेली पाणबुडी कराचीत बसून ऐकू येते असा मेसेज फिरतोय, खरं का?

नाही. अंतर साधारण ९०० किलोमीटर, त्यातला मोठा भाग प्रश्न ९ मधल्या उथळ कट्ट्यावरून जातो, खोल बोगदा तिथे नाहीच, आणि मधे शेकडो जहाजांची घरघर. बंदरातून पाणबुडी निघाली हे कळायला सोनार लागत नाही, ती वरूनच तरंगत निघते, उपग्रहाला आणि भाऊच्या धक्क्यावरच्या माणसालाही दिसते. सोनारचं काम सुरू होतं ती बुडी मारल्यानंतर. तेव्हा शोधणारा ९०० किलोमीटरवरून ऐकत बसत नाही, जिथून तिला जावंच लागणार अशा चिंचोळ्या जागी किंवा कट्टा संपून पाणी एकदम खोल होतं त्या कडेला आपली पाणबुडी आधीच नेऊन ठेवतो, सगळी यंत्रं शक्य तितकी बंद करतो आणि वाट बघतो, कधीकधी आठवडे.